थोडी भर घाला

१

श्रुतिका मेस्त्री लोकांची आत्मचरित्रं लिहायची. पुस्तकावर नाव त्यांचं, फोटो त्यांचा, प्रकाशनाला शाल-श्रीफळही त्यांनाच. कंबर मोडायची ती मात्र श्रुतिकाची. निवृत्त मुख्याध्यापक, दोन हॉटेलवाले, एक दातांचे डॉक्टर, सोसायटीच्या राजकारणातून नगरसेवक होऊन पुन्हा सोसायटीतच परतलेले एक गृहस्थ, अशा सगळ्यांची बालपणं तिच्या हातून गेली होती. मनाने बरा माणूस असला तर आतल्या पानावर बारीक अक्षरात 'शब्दांकन' म्हणून तिचा उल्लेख करायचा. बहुतेकांना ते पुस्तक छापून झाल्यावर आठवायचं.

घर बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीलगतच्या एका जुन्या सोसायटीत. घरात ती आणि आई, प्रेमा. वडील काशीराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. बेडरूममधल्या खिडकीशी टेबल मांडलं होतं, तेच ऑफिस. कानात इअरफोन घालून ती दिवसभर कुणाकुणाच्या व्हॉइस नोट ऐकत टाइप करत बसायची. या कामाला साहेब नाही याचा तिला सुरुवातीला फार आनंद झाला होता. नंतर लक्षात आलं की शेजारच्या टेबलावरचं माणूसही नाही. एखादा क्लायंट विचित्र वागला तर "बघ ना यार, काय बाई आहे" असं म्हणायला कुणी नव्हतं. शेजारची शुभा तिला गॅसवाल्यासाठी दार उघडायला सांगायची, कुरियर घ्यायला सांगायची. आणि का नाही सांगणार, बाई टेबलाशी बसलेली दिसते, तिचं काही चाललेलं दिसत नाही.

या धंद्यात 'भर' नावाचा एक प्रकार असतो. माणसं आयुष्य सांगतात ते सरकारी फॉर्म भरल्यासारखं. गरिबी होती, आई कष्टाळू होती, वडील शिस्तीचे होते. एवढ्यावर पुस्तक होत नाही. मग क्लायंट म्हणतो, मॅडम, थोडी भर घाला. श्रुतिका भर घालायची. ती आणायची कुठून? घरातूनच. डॉक्टरांच्या आजीला तिने आपल्या आजीचं तपकिरीचं वेड देऊन टाकलं होतं, मुख्याध्यापकांना आपल्या पहिलीतल्या रडवेल्या सकाळचा प्रसंग. दोघेही खूश झाले होते. आणि तिच्याकडचं काही कमीही झालं नव्हतं.

२

मुलुंडच्या इरावतीबाईंचं काम हर्षदकडून आलं. हर्षद घाटकोपरला छोटी प्रकाशन संस्था चालवायचा आणि वर्षभर तिला अशी कामं द्यायचा.

"घरगुती पुस्तक आहे," तो फोनवर म्हणाला. "फक्त लहानपण. तुझंच नाव घेतलं त्यांनी. दुसरं कुणी नकोच म्हणाल्या."

या वाक्याने श्रुतिका विरघळली. लिहिणाऱ्याला नाव घेऊन कुणी मागितलं की तो पुढचं काही विचारत नाही.

पहिली व्हॉइस नोट आली ती अगदीच कोरडी. आवाज दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईचा असतो तसा, स्वच्छ आणि बिनचेहऱ्याचा. वयाचा अंदाज लागेना. "माझं लहानपण चाळीत गेलं. आई होती. वडील गिरणीत होते. आम्ही सुखी होतो." मग, "यात थोडी भर घाला."

गिरणी म्हटल्यावर श्रुतिकाला शोधायला लांब जावं लागलं नाही. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या कानातल्या केसांना कापसाचे तंतू अडकलेले असायचे, आणि आई त्यांना उंबऱ्याशी बसवून केसातल्या आकड्याने ते हलक्या हाताने काढायची. बाबा डोळे मिटून बसायचे. तिने तो प्रसंग जसाच्या तसा लिहून इरावतीबाईंच्या वडिलांना देऊन टाकला.

उत्तर लगेच आलं. "अगदी असंच होतं," इरावतीबाई म्हणाल्या. आवाजात आता ओल आली होती. "आणि डाव्या कानात जास्त असायचा. नाही?"

श्रुतिकाने ते पुन्हा ऐकलं. बाबांचा साचा भिंतीच्या कडेला होता, त्यामुळे बाकीच्या साच्यांचा सगळा कापूस डाव्या बाजूने यायचा. पण हे तिने लिहिलं नव्हतं. तिने नुसतं 'कानात' लिहिलं होतं.

मग तिने स्वतःची समजूत घातली. कान दोनच असतात. बाईंनी डावा म्हटलं, बरोबर निघालं, त्यात काय मोठंसं? त्या 'नाही?'चं काय करायचं, ते मात्र तिला कळलं नाही.

३

पुढच्या काही प्रकरणांत तिने शिमग्याला चाळीत यायचा तो नाच दिला, दहिसरच्या चाळीतल्या आपल्या खोलीतला दोरीवरचा पडदा दिला, तापात आईने कपाळावर ठेवलेला थंडगार तांब्या दिला. काम छान चाललं होतं. इरावतीबाई दर वेळी म्हणायच्या, अगदी असंच होतं.

मग एका दुपारी त्या म्हणाल्या, "मी किखडीत बसून बाबांची वाट बघायचे."

श्रुतिकाचा हात कीबोर्डवरच राहिला.

बोबडं बोलायच्या वयात तिला खिडकी म्हणता यायचं नाही, ती किखडी म्हणायची. बाबांना त्याची इतकी गंमत वाटली की घरात तोच शब्द झाला. बाबा गेल्यावरही आई वारा सुटला की "किखडी लाव गो" म्हणून हाक द्यायची. हा शब्द या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हता. तिने सगळ्या फाइली उघडून शोधलं. किखडी कुठेच नव्हती. जिथे तिथे शुद्ध 'खिडकी'.

तिचा संशय आधी फोनवर गेला. हल्ली फोन सगळं ऐकतात म्हणे. मग हर्षदवर, मग आईच्या भजनी मंडळातल्या बायकांवर. शेवटी ती उठून स्वयंपाकघरात गेली. आई शेंगा निवडत होती.

"आई, किखडी हा शब्द तू कुणासमोर बोललीस का?"

"काय?"

"किखडी गं. आपली."

"ह्यो खंयचो शब्द?" आई नेहमीच्या मालवणीत म्हणाली. "खिडकी म्हणतत तेका."

आई गंमत करतेय असं वाटून श्रुतिका हसली. आई हसली नाही. श्रुतिकाने जरा थांबून बाबांच्या कानातल्या कापसाचं विचारलं.

"तुझ्या बापाशीच्या कानात कापूस? कानात कित्या जातलो कापूस?" आईने शेंगेचा देठ मोडला. "कोणी सांगल्यान तुका?"

आईचं वय झालंय, विसरते माणूस, असं श्रुतिकाने मनाला बजावलं आणि सहज विचारल्यासारखं दहिसरच्या चाळीत नळाच्या बाजूला कोण राहायचं ते विचारलं. आईने धडाधड नावं सांगितली. कोणाची सून कुठून आणलेली, कोणाच्या पोराने घड्याळ चोरलं, सगळं. थंड तांब्याचं विचारल्यावर मात्र तिने कपाळाला आठ्या घालून श्रुतिकाकडे पाहिलं, आणि ती नजर थोडी जास्तच वेळ तिच्यावर राहिली.

म्हणजे जे इरावतीबाईंकडे पोचलं, तेवढंच घरातून गेलं होतं. हे वाक्य मनात आल्याबरोबर श्रुतिकाने ते मोडीत काढलं. असं काही नसतं. एकटीने दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कानात भरून घेतले की डोकं असंच चालायला लागतं.

संध्याकाळी आईने चहा केला तो एकच कप.

"माझा?"

"अगो बाय," आई गडबडून उठली. "माका वाटला, तू भायेर गेलंस."

४

दुसऱ्या दिवशी तिने हर्षदला फोन लावला. "ही इरावती कोण आहे रे? तू भेटलायस का तिला?"

"मी कुठे भेटणार? सगळं फोनवर. का गं, काही लफडं आहे का?"

"तिला माझ्या घरातल्या गोष्टी माहीत आहेत."

"तूच लिहिल्या असशील यार. तू घालतेस ना आपल्याकडचं काय काय."

"जे लिहिलं नाही ते पण."

हर्षद हसत म्हणाला, "हे बघ, भेटायचं म्हणशील तर तुला तरी मी कुठे भेटलोय? इतकी वर्षं काम करतोय आपण. उद्या तू समोरून गेलीस तरी मला कळणार नाही."

ते खरंच होतं. श्रुतिकाने आठवून पाहिलं. ज्यांची बालपणं तिने लिहिली त्यांच्यातले कितीजण तिला चेहऱ्याने ओळखले असते?

"आणि एक सांगू?" हर्षद म्हणाला. "चिडू नको हं. फोनवर तुमचा आवाज सेम वाटतो मला. परवा तिचा फोन आला तर मी 'बोल श्रुतिका' म्हटलं. ती पण काही बोलली नाही. झकास हसली."

५

श्रुतिकाने सापळा लावायचं ठरवलं. पुढच्या प्रकरणात तिने धडधडीत खोटं लिहिलं. आई तापट होती, एकदा दूध उतू गेलं म्हणून तिने मुलीला उलथन्याने मारलं, मुलगी रात्रभर जिन्यावर बसून राहिली. असलं काही प्रेमाच्या हातून कधी घडलं नव्हतं. बाईंना काहीच माहीत नसेल तर त्या नेहमीसारखं 'अगदी असंच होतं' म्हणतील. श्रुतिकाला तेच ऐकायचं होतं. त्या बाई लबाड आहेत, समोर येईल ते आपलं म्हणणाऱ्या आहेत, एवढं सिद्ध झालं असतं तरी तिला शांत झोप लागली असती.

ती बँकेत रांगेत उभी असताना उत्तर आलं. तिने तिथेच फोन कानाला लावला.

"हे खोटं आहे," इरावतीबाई म्हणाल्या. आवाज दुखावलेला होता. "आईने माझ्यावर कधी हात उगारला नाही. हे काढा. आईबद्दल असं लिहू नका."

त्यांच्या बोलण्यामागे घर्र घर्र असा एक आवाज येत होता. ओळखीचा, संथ, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. खवणीवर खोबरं खवल्याचा. मग कुणीतरी खोकलं. दोनदा कोरडं, आणि शेवटी घसा साफ केल्याचा आवाज. तो आईचा खोकला श्रुतिका रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकत आली होती.

रांग सोडून ती रिक्षाने घरी आली. आई ओट्याशी उभी होती. ताटलीत पांढरंशुभ्र खोबरं खवून ठेवलेलं, बाजूला कोकमं भिजत होती.

"घरात कोण आलं होतं?"

"कोण येतला?"

"मग हे काय करतेस?"

"मगाशी तूच सांगलंस ना, सोलकढी कर म्हणान." आई तिच्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिली. "आतल्या खोलीतसून हाक मारलंस. फोनवर बोलत होतंस."

श्रुतिका बेडरूममध्ये गेली. खोली रिकामी होती. टेबल, खुर्ची, पाण्याची बाटली, सगळं जागच्या जागी. खुर्चीच्या उशीवर मात्र कुणीतरी आत्ताच उठल्यासारखा खळगा होता, आणि तो सावकाश वर येत होता. उशी जुनी आहे, तिने स्वतःला सांगितलं, सकाळपासून मीच बसले होते. हे सांगताना ती दारातच उभी होती. आत पाऊल टाकवेना.

६

हातातलं काम नाकारायची श्रुतिकाला सवय नव्हती. एकदा नाही म्हटलं की लोक पुढच्या वेळी दुसऱ्याला फोन करतात, या भीतीवर तिने इतकी वर्षं काढली होती. पण आता प्रश्न आईचा होता. रोज थोडी थोडी करून आई तिच्यापासून कुठेतरी चालली होती, आणि तिला तिकडे पाठवत होती ती श्रुतिका स्वतः. तिने मेसेज टाइप केला: पुढचं काम जमणार नाही. दिलेली प्रकरणं कृपया वापरू नका.

उत्तर आलं: "फक्त बारशाचं राहिलंय. नाव कुठे ठेवलं, कुणी ठेवलं. एवढी भर घातलीत की संपलं."

ते वाचून तिचं टाळकं सटकलं. आईला ऐकू जाऊ नये म्हणून ती खाली सोसायटीच्या आवारात गेली, पार्किंगच्या कडेला उभी राहिली आणि माइकचं बटण दाबून तोंडाला येईल ते बोलत सुटली. तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही, तुम्हाला लाज वाटली पाहिजे, माझ्या आईपासून लांब राहायचं, आणि बारसं तर मुळीच मिळणार नाही.

इथेच थांबली असती तर. पण आयुष्यभर जिने कोरड्या वाक्यात भर घातली तिला रागसुद्धा कोरडा येत नाही. "माझं बारसं दहिसरच्या आधीच्या, परळच्या खोलीत झालं," ती ओरडली. "आईच्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधली होती खुंटीला, पाळणा नव्हता म्हणून! सोनूआत्या गावाहून आली होती, तिने माझ्या कानाला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि मी रडायच्या ऐवजी हसले, म्हणून आत्या म्हणाली, ऐकून घेणारी पोर आहे, हिचं नाव श्रुतिका! ते नाव माझं आहे. माझं. कळलं?"

बोटाने बटण सोडलं. नोट गेली. आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं तेव्हा निळी टिक उमटली होती. तिने घाईघाईने मेसेज पुसला. पण ऐकून झालेलं पुसायची सोय कुठल्याच फोनमध्ये नसते.

उत्तरादाखल एक छोटी व्हॉइस नोट आली. ती ऐकताना तिला आधी वाटलं की आपलीच मघाची नोट पुन्हा वाजतेय. आवाज तिचा होता. दम लागलेला, थोडा घोगरा, तिचाच.

"छान झालं. आता पूर्ण आहे," तो म्हणाला.

७

जिना चढताना ती आईला काय सांगायचं ते ठरवत होती. काही दिवस मामाकडे मानखुर्दला जाऊ म्हणायचं. फोन बंद करून टाकायचा. शांतपणे बसून आईला एकेक गोष्ट पुन्हा सांगायची, कापूस, तांब्या, सगळं. आई ऐकेल. ऐकता ऐकता आठवेल.

चावी वरच राहिली होती. तिने बेल दाबली. दार आईने उघडलं.

"कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी."

"हो, हो. या ना," आई म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "पटकन ओळखलं नाही. तुम्हीच ना त्या, हिचं पुस्तक लिहून देताय?"

ती शुद्ध बोलत होती. परक्यांशी, डॉक्टरांशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलायची तसं, शब्द जपून उचलत. श्रुतिकाने तिचा हात धरला.

"आई, असा काय करतंस गो? मी श्रुतिका. तुझा चेडू."

आईने हात सोडवून घेतला नाही. ती कौतुकाने हसली. "मालवणी छान येते हो तुम्हाला. हिच्याकडून शिकलात?"

"आई, परळच्या खोलीत झोळी बांधली होतीस तू. तुझ्या हिरव्या लुगड्याची. सोनूआत्याने माझ्या कानात..."

"हे पण सांगितलं का तिने तुम्हाला?" आईचे डोळे भरून आले. "सगळं सांगते बघा ती. काही ठेवत नाही." आणि मान वळवून तिने आत हाक दिली. ती हाक जुनी होती, रोजची होती, आणि तिच्यात इतकी माया होती की श्रुतिका सवयीने ओ देणार होती. "गो श्रुतिका! लिवणाऱ्या बाई इल्यासत!"

बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. टेबलाशी कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. कानात इअरफोन होते. टाइप करणारी बोटं थांबली. एका हाताने मानेवरचे केस पुढे घेतले गेले, काम थांबवताना श्रुतिका घ्यायची तसे, आणि खुर्ची थोडी मागे सरकली. चेहरा दिसला नाही.

"बसव गो तेंका. पाणी दी," आतून आवाज आला. "इलंय मी."

जे काही श्रुतिका सांगेल ते आतल्या बाईने तिला सांगितलेलं ठरणार होतं. घरातली एकही गोष्ट आता अशी उरली नव्हती की जी सांगून ती स्वतःला सोडवू शकली असती.

आई स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा ग्लास बशीत ठेवून घेऊन आली. तो तिच्यासमोर ठेवून शेजारच्या खुर्चीत टेकली. दमलेला पाहुणा बघून जसं कुणालाही वाईट वाटेल तसं तिला वाटत होतं. ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ती जरा पुढे वाकली आणि आत ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलू लागली.

"मी सांगणार आहे हं तिला, पुस्तकात तुमचं नाव घाल म्हणून. लिहिणाऱ्याचं नाव कुणी घालत नाही, मला माहीत आहे. माझी पोर पण तेच काम करते." तिने श्रुतिकाच्या हातावर हलकेच थोपटलं. "सांगा. काय नाव लावता तुम्ही?"